सूर्यबिंब सर्वत्र सारखे उजळ असते काय?

(नांदेड व लातूर जिल्ह्यांतील ज्ञातिबांधवांच्या वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



सुमारे चाळीस वर्षांपूर्वी नांदेड जिल्ह्यातील एका खेड्यात आम्ही नव्यानेच शिक्षक म्हणून रुजू झालो होतो. चौथीतील एका मुलीने विचारले, "गुरुजी, सूर्य सगळीकडे सारखाच उजळ असतो का?" आम्ही "होय" म्हणालो आणि तिला खाली बसविले. ते उत्तर चुकीचे होते. त्या चुकीची भरपाई आज करावयाची आहे.

सूर्याच्या वातावरणाचा सर्वांत खालचा थर आपणांस बिंब म्हणून दिसतो. तो लक्षावधी तेजस्वी कणिकांनी भरलेला आहे. एकेक कणिका सुमारे १,००० किलोमीटर रुंद, म्हणजे नांदेडहून दिल्ली सरळ रेषेत जितकी दूर, जवळजवळ तितकी. आणि आयुष्य मात्र साधारण आठ-दहा मिनिटांचे! याचे कारण आपल्या मायभगिनी रोज पाहतात. लातूरच्या तुरीची डाळ चुलीवर रटरटू लागली की तळाचे तापलेले पाणी मध्यभागी उसळते आणि निवून कडेने खाली जाते. सूर्यावरही तप्त वायू वर येतो तो भाग उजळ, निवलेला वायू उतरतो ती कड काळसर. यास अभिसरण म्हणतात.

वैशाखात आपल्या काळ्या रानावर जी हवा थरथरते, तेही अभिसरणच. तीच हवा दुर्बिणीतील सूर्यबिंब अंधुक करते. म्हणून जमीन तापण्यापूर्वी, सकाळी वेध घेणे बरे. पुण्याच्या आयुका संस्थेत सिद्ध झालेली 'सूट' ही दुर्बीण २ सप्टेंबर २०२३ रोजी 'आदित्य-एल१' यानातून निघाली. पृथ्वीपासून सुमारे १५ लक्ष किलोमीटरांवरून, हवेच्या अडथळ्यावाचून, ती या थराची व त्यावरील थराची अतिनील किरणांतील छायाचित्रे घेते.

आमची विनंती एवढीच की, मुलांनी असा प्रश्न केला तर त्यांस गप्प बसवू नका. उघड्या डोळ्यांनी वा दुर्बिणीतून थेट सूर्याकडे कदापि पाहू देऊ नका. जाणत्या माणसाने लहान दुर्बिणीतून पांढऱ्या कागदावर बिंब पाडून दाखवावे. कणिका त्यात दिसणार नाहीत. परंतु मध्य उजळ व कड मंद, आणि कधी एखादा डाग, हे दिसेल. त्या मुलीला तेवढे उत्तर पुरले असते.

ती आज कोठे असेल, आम्हांस ठाऊक नाही. आपल्या घरांतील मुलींना तरी ते वेळेवर मिळो, इतके बोलून आम्ही आपली रजा घेतो.