नऊ गुणांची माणसं

रक्तदाब तपासून होतो, चिठ्ठी हातात पडते, तरी काही पेशंट खुर्चीवरून उठत नाहीत. "बाकी काही नाही डॉक्टर, पण हल्ली कशात मन लागत नाही." आणि मी काही बोलायच्या आत, "वयच झालं म्हणायचं," असं स्वतःच मिटवून टाकतात.

नैराश्य तपासायला आमच्याकडे पीएचक्यू-९ नावाची प्रश्नावली असते. गेल्या २ आठवड्यांतली झोप, भूक, उत्साह वगैरेंबद्दल ९ प्रश्न, प्रत्येकाला ० ते ३ गुण. बेरीज १० किंवा त्याहून जास्त आली की डॉक्टर कान टवकारतात. ५ ते ९ म्हणजे 'सौम्य'. पण ९ आणि १० यांच्यात काही भिंत नाही. रेघ कुठेतरी मारावी लागते, म्हणून मारलेली.

एका वहिनींचे ८ आले. ऑफिस, डबे, सासूबाईंची औषधं, सगळं वेळेवर. फक्त भिशीला जाणं बंद. पैसे मुलाच्या हाती पाठवायच्या. घरात कुणाला शंकासुद्धा नाही. उलट यजमान खूश, "हिची चिडचिड कमी झालीय हल्ली!"

अशा वेळी आधी हिमोग्लोबिन, थायरॉइड, बी-१२ पाहून घ्यावं. त्यांच्या कमी-जास्तानेही माणूस असाच मरगळतो. एवढ्याशा त्रासाला लगेच गोळ्या सहसा देत नाहीत. मन लागेल तेव्हा करू, म्हणून जे सोडून दिलेलं असतं, ते वार आणि वेळ ठरवून पुन्हा सुरू करायचं, मन लागो न लागो. मानसोपचारातली ही रीतसर पद्धत आहे. वहिनींना म्हटलं, भिशीचे पैसे स्वतः नेऊन द्या, चहा घेऊनच उठा. गेल्या. परत येऊन म्हणाल्या, "गप्पा अगदीच रटाळ होत्या." म्हटलं, हरकत नाही, पुढच्या महिन्यातही जा.

ही प्रश्नावली मोबाइलवर सापडते. पण स्वतःच गुण देऊन स्वतःला पास करून टाकू नका. नववा प्रश्न जगणं नकोसं वाटण्याबद्दल, स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दल आहे. त्याचं उत्तर 'कधी कधी' असलं, तर एकूण बेरीज ४ असली तरी थांबू नका. त्याच दिवशी घरात कुणाला तरी सांगा, डॉक्टरांना गाठा. रात्रीची वेळ असेल, तर सरकारच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो. फोनला पैसे पडत नाहीत आणि मराठीत बोलता येतं.