पडद्यावरचे चिलखत आणि अंगावरचे चिलखत

(वार्षिक पारितोषिक वितरण समारंभात एका शिक्षकाने केलेले भाषण)



शिक्षकाने भाषण करावयाचे म्हणजे शिस्त, अभ्यास आणि वेळेचे महत्त्व यांवर बोलावयाचे, असा आपल्याकडे प्रघात पडला आहे. आज तो मोडण्याची परवानगी मी आपणांकडे मागतो. मी बोलणार आहे सैनिकाच्या चिलखताविषयी, संगणकावर त्याची हुबेहूब प्रतिमा घडविणाऱ्या मुलांविषयी आणि ती प्रतिमा खरी की खोटी हे सांगू शकणाऱ्या निवृत्त जवानांविषयी. या विषयाचा आपल्या शाळेशी काय संबंध, असे आपल्या मनात आले असेल. तो संबंध गेल्या वर्षी आमच्या विज्ञान प्रदर्शनात जुळला.

दहावीतल्या एका मुलाने संगणकावर एक जवान तयार केला होता. डोक्यावर शिरस्त्राण, छातीवर बुलेटप्रूफ जॅकेट, कमरेला काडतुसांच्या पिशव्या. पडद्यावर तो जवान चहूबाजूंनी फिरवून पाहता येत असे. आम्हां शिक्षकांना तो इतका आवडला, की पहिला क्रमांक त्यालाच द्यावयाचे आम्ही मनोमन ठरवूनही टाकले. इतक्यात आमच्याच मोहल्ल्यातले एक चाचा नातवाचे बोट धरून तेथे आले. सैन्यात नोकरी करून निवृत्त झालेले आणि आता एका बँकेच्या दारावर पहारा करणारे हे गृहस्थ. मुलाने उत्साहाने विचारले, "चाचा, कसा आहे?" चाचा बराच वेळ पाहत राहिले आणि म्हणाले, "बेटा, चित्र सुंदर आहे. पण हा जवान पहिल्याच दिवशी जायचा."

मुलाचा चेहरा पडला. मलाही थोडा रागच आला. पण चाचांनी पडद्यावर बोट ठेवले. "ही लोखंडासारखी कडक पाटी तू पोटावर बसवलीस. काळीज कुठे असते? वर. पाटीची वरची कड गळ्याखालच्या या खळगीपाशी यायला हवी. आणि आता ह्याला पालथा झोपव." मुलाने तसे केले. जॅकेटची मागची कॉलर शिरस्त्राणाच्या आरपार गेलेली दिसली. "पडद्यावर आरपार जाते, बेटा. खरे जॅकेट टोपाला मागून ढकलते आणि टोप डोळ्यांवर येतो. मग शत्रू दिसायचा कसा?"

वाचकहो, पाच मिनिटांत त्या गृहस्थांनी जो पाठ घेतला, तो माझ्या बी.एड.च्या वर्षभरात मला मिळाला नव्हता. त्यानंतर मी या विषयावर मिळेल ते वाचीत गेलो. त्यातले थोडे आपणांपुढे ठेवतो.

प्रथम ही प्रतिमा कशी घडते ते पाहू. मूर्तिकार माती घेतो, तसा संगणकावरचा कारागीर लहान लहान त्रिकोणांची आणि चौकोनांची जाळी घेतो. ती ओढून, दाबून, कापून तो शिरस्त्राण घडवितो. शिवण, बंद, चुण्या, ओरखडे हे सर्व दाखवावयाचे तर अशा त्रिकोणांची संख्या लाखांवर जाते. इतका भार खेळात किंवा प्रशिक्षणाच्या कार्यक्रमात पेलत नाही. म्हणून त्याच वस्तूची काही हजार त्रिकोणांची हलकी आवृत्ती करतात आणि जड आवृत्तीतले बारकावे तिच्यावर चित्ररूपाने चढवितात. मग तिला मनुष्याच्या सांगाड्याला बांधतात, म्हणजे हात हलला की बाही हलते. आमच्या विद्यार्थ्याने हे सर्व 'ब्लेंडर' नावाच्या साधनावर केले. हे साधन फुकट मिळते. 2002 साली ते बंद पडण्याच्या बेतात असता जगभरच्या वापरणाऱ्यांनी वर्गणी काढून एक लाख युरो जमविले आणि ते सर्वांसाठी खुले करून घेतले. वर्गणीतून विद्येचे दार उघडते, हे आपल्या संस्थेला निराळे सांगावयास नको.

परंतु या कारागिरीत एक धोका आहे. संगणक वजन दाखवीत नाही. पडद्यावरचे चिलखत कागदासारखे हलके आणि खरे चिलखत मात्र खांद्यांत रुतणारे. इराक व अफगाणिस्तानात अमेरिकी सैनिक जे चिलखत वापरीत, ते सर्व पाट्यांसह सुमारे 14 किलो भरे. त्याची छातीची मध्यम आकाराची पाटी साधारण 24 सेंटिमीटर रुंद, 32 सेंटिमीटर उंच आणि अडीच किलो वजनाची. एवढ्याशा पाटीने सर्व देह झाकला जात नाही. हृदय आणि फुप्फुसे तेवढी वाचवावयाची, हा तिचा हेतू. म्हणून ती चार बोटे खाली सरकली तर चित्रात फरक दिसत नाही, माणसाच्या जिवाला मात्र पडतो.

दुसरी गोष्ट. गोळी अडली म्हणजे काम झाले असे आपणांस वाटते. तसे नाही. गोळी अडते तेव्हा पाटीची मागची बाजू आत दबते आणि तो धक्का छातीला बसतो. तो मोजण्यासाठी चिलखतामागे विशिष्ट माती ठेवून तिच्यावर गोळी झाडतात. मातीत पडणारा खड्डा 44 मिलिमीटरहून खोल जाता कामा नये, असा अमेरिकेतील पोलीस चिलखतांचा दंडक आहे. आपल्या देशानेही 2018 साली बुलेटप्रूफ जॅकेटांसाठी स्वतःचे मानक प्रसिद्ध केले.

ही अंगावरची विद्या आपल्या पुण्यातही फळास आली आहे. मेजर अनूप मिश्रा यांना काश्मीरमधील कारवाईत गोळी लागली. जॅकेटने गोळी अडविली, तरी धक्क्याने इजा झालीच. त्या अनुभवातून पुण्याच्या सैनिकी अभियांत्रिकी महाविद्यालयात त्यांनी 'सर्वत्र' नावाचे जॅकेट तयार केले. त्याबद्दल डिसेंबर 2019 मध्ये तत्कालीन सेनाप्रमुख जनरल बिपिन रावत यांच्या हस्ते त्यांचा गौरव झाला. पुढे 2021 साली स्त्री व पुरुष दोघांनाही घालता येईल असे 'शक्ती' नावाचे जॅकेटही त्यांनी केले. ज्याला मार बसला त्यानेच ढाल सुधारली, असा हा प्रकार आहे.

येथे आमच्या विद्यार्थिनींनी विशेष लक्ष द्यावे. पुष्कळ वर्षे स्त्री-सैनिकांना पुरुषांच्याच मापाचे चिलखत घालावे लागे. काखेजवळ फट राही, बसल्यावर पाटी मांड्यांवर टेके आणि बंदूक खांद्याला नीट लागत नसे. त्यांनी तक्रारी केल्या, तेव्हा कोठे मापे घेतली गेली. 2012 साली अमेरिकी सेनेने स्त्रियांच्या बांध्याचे चिलखत वापरास दिले. त्याच सुमारास, 2010 ते 2012 या काळात, तिने 4,082 पुरुष आणि 1,986 स्त्रिया यांच्या शरीराची प्रत्येकी 93 मापे घेतली आणि यंत्राने त्यांचे त्रिमितीय आलेखही घेतले. आज संगणकावर सैनिक घडविणाऱ्याला अशी खरी मापे मिळतात. ती सोडून सिनेमातल्या नायकाच्या छातीवर चिलखत बेतणाऱ्याला काय म्हणावे?

चाचांनी "पालथा झोपव" म्हटले, तीच परीक्षा आता विद्यापीठांतून होते. अमेरिकेतील आयोवा विद्यापीठात 2003 पासून 'सँटोस' नावाचा एक संगणकीय सैनिक घडविला जात आहे. त्याच्या अंगावर चिलखत चढवून त्याला वाकविता येते, चढविता येते, धावविता येते आणि कोणत्या सांध्यावर किती ताण पडतो याचा हिशेब मांडता येतो. म्हणजे कापड बेतण्यापूर्वीच चूक सापडते. तथापि कोणती परीक्षा घ्यावयाची, हे संगणकाला आपोआप कळत नाही. कोणीतरी खंदकात पालथे पडून राहिलेले असावे लागते, आणि त्याला विचारणाराही कोणी असावा लागतो.

करमणुकीच्या धंद्याने हे फार पूर्वी ओळखले. व्हिएतनाममध्ये लढलेले कॅप्टन डेल डाय यांनी निवृत्तीनंतर 1985 साली चित्रपटांना सैनिकी सल्ला देण्याची संस्था काढली. नटांना त्यांनी पाठीवर ओझे देऊन रानात चालविले. पुढे 1999 साली 'मेडल ऑफ ऑनर' या संगणकीय खेळालाही त्यांनी सल्ला दिला. पण या कामालाही मर्यादा हवी. त्याच मालिकेतील एका नव्या खेळासाठी काही नौसैनिकांनी नोकरीत असतानाच सल्ला दिला आणि गोपनीय साहित्य बाहेर दाखविले. 2012 साली त्यांपैकी सात जणांवर शिस्तभंगाची कारवाई झाली. तेव्हा विद्यार्थ्यांनो, निवृत्त सैनिकाला जरूर विचारा. परंतु तो एखाद्या प्रश्नाला "हे सांगता येणार नाही" म्हणाला, तर तेथेच थांबा. त्याचे ते मौन ही त्याची इमानदारी आहे.

आता पालकांसाठी दोन शब्द. त्या मुलाचे वालिद मला भेटले तेव्हा म्हणाले, "सर, हा दिवसभर कॉम्प्युटरवर बाहुल्या करतो. याला समजवा." मी त्यांना विचारले, "त्याने त्या जवानासाठी मापे काढली, शरीरशास्त्राचे पुस्तक उघडले, भूमितीचे कोन बसविले, हे आपण पाहिलेत का?" ते गप्प राहिले. मीही त्या मुलाची ही मेहनत प्रदर्शनाच्या दिवसापर्यंत पाहिली नव्हती, हे कबूल करतो. खेळण्यात रात्र घालविणे वेगळे आणि घडविण्यात रात्र घालविणे वेगळे. हा फरक ओळखणे आपले काम आहे.

आणि निवृत्त जवानांचे काय? अमेरिकेने 1944 साली कायदा करून लढाईवरून परतणाऱ्यांच्या शिक्षणाचा खर्च उचलला. पुढच्या बारा वर्षांत सुमारे 78 लाख माजी सैनिकांनी त्याचा लाभ घेतला. आजही तशाच कायद्याच्या आधाराने तेथील माजी सैनिक संगणकीय चित्रकला शिकण्यासाठी महाविद्यालयात जाऊ शकतात. आपल्याकडेही संरक्षण मंत्रालयाचे पुनर्वसन महासंचालनालय निवृत्त होणाऱ्या जवानांसाठी अभ्यासक्रम चालविते. आपला शिपाई पुष्कळदा चाळिशीच्या आतच घरी येतो. अंगात ताकद असते, डोक्यात अनुभव असतो. आपण मात्र त्याला बँकेच्या दारावर उभा करतो आणि 15 ऑगस्टला शाल-नारळ देऊन मोकळे होतो. त्या बँकेवरून मी चार वर्षे रोज जात होतो. चाचांना सलाम करीत होतो. त्यांना एकही प्रश्न कधी विचारला नव्हता.

त्या प्रदर्शनात पहिला क्रमांक आम्ही त्या मुलाला दिला नाही. तो दुसरा आला. पण नंतर दोन महिने दर रविवारी चाचा त्याच्या घरी जाऊन बसत. पाटी वर सरकली. कॉलर आखूड झाली. जवान पालथा झोपला तरी टोप जागेवर राहू लागला. एके दिवशी चाचा मला म्हणाले, "सर, हा मुलगा मला माउस धरायला शिकवतो." आणि ते हसले.

माझी संस्थेला एकच विनंती आहे. आपल्या शाळेतील संगणक-कक्ष रविवारी सकाळी दोन तास उघडा ठेवावा. गावातील निवृत्त जवान, मिस्त्री, शिवणकाम करणाऱ्या भगिनी, ज्यांच्या हातांत कसब आहे अशा सर्वांना तेथे बोलवावे आणि मुलांना त्यांच्या शेजारी बसवावे. किल्ली सांभाळावयास मी तयार आहे.