कडबाकुट्टी घेण्याआधी

हातातलं निवडणं-टिपणं चालू राहू द्या, कान तेवढे इकडं द्या.

तीन वर्षांमागं आमच्या गटानं कर्ज काढून मोटरची कडबाकुट्टी घेतली. दुकानदार म्हणाला, मोठी घ्या, काम झटक्यात होईल. आम्ही थ्री फेजची घेऊन आलो. गावात घरोघरी सिंगल फेज! थ्री फेज शेतीच्या लाईनीला, तीही कधी दिवसा, कधी रात्री. दोन महिने मशीन ताडपत्रीखाली आणि हप्ता मात्र चालू. शेवटी मोटर बदलली, तो खर्च वेगळा. गटाचा हिशोब मी लिहिते, बी.ए. झालेय, पण विजेचं विचारायचं मलाच सुचलं नाही.

म्हणून सांगते, दुकानात जाण्याआधी आठ दिवस वहीत लिहा. कुणाकडं जनावरं किती, वैरण तोडायला रोज किती वेळ जातो. एक-दोन जनावरं असतील तर हाताची कुट्टी पुरते. पाच-सहा घरं मिळून वापरणार असाल तर मोटरचा विचार करा. दोन एचपीची मोटर पूर्ण भारानं तासभर चालली की दीड युनिटाहून जास्तच वीज लागते. रोज अर्धा तास धरला तर महिन्याला 22-23 युनिटांच्या वरच. तुमच्या बिलाच्या दरानं गुणून बघा.

आता जिवाचं. आमच्यातल्या एका काकूंचा पदर वैरणीबरोबर आत ओढला गेला. सुनेनं धावत जाऊन बटण बंद केलं, म्हणून हात वाचला. त्या दिवसापासून आम्ही पदर खोचल्याशिवाय मशीनला हात लावत नाही. तुम्ही घेताना पाहा: वैरण सारायचं तोंड हाताच्या लांबीपेक्षा लांब हवं. चाकावर आणि पट्ट्यावर झाकण हवं. रोलर थांबवायचा, उलटा फिरवायचा दांडा चालवणारीच्या हाताशी हवा. घरी अर्थिंग करून घ्या. पाती काढताना आधी पिन काढा. आणि खरेदीला जाताना जी रोज मशीन चालवणार, तिला सोबत न्या. तिच्या हातानं चालवून बघू द्या.

मोटर आली तशी जुनी हातकुट्टी आम्ही भंगारात काढायला निघालो होतो. बरं झालं, दिली नाही. आता गांडूळखतासाठी गवत, ओला पाला, भाजीचे देठ तिच्यावर बारीक करतो. बारीक केलेलं लवकर कुजतं. वीज गेली की वैरणीलाही तीच धावून येते.

तसंच जात्याचं. गिरणी आली आणि जातं कोपऱ्यात गेलं. आम्ही पाथरवटाकडून टाकी लावून घेतली. आता त्यावर तूर भरडतो आणि जात्यावरची डाळ म्हणून आठवडी बाजारात विकतो. झिजलेली खुरपी रोपवाटिकेत रोपं उचलायला कामी येतात.

येत्या बैठकीत दोन याद्या करा. एक, कुठलं काम बाईची कंबर मोडतं. दुसरी, घरात कुठलं अवजार धूळ खात पडलंय. पहिली यादी घेऊन दुकानात जा. दुसरी यादी वाचल्याशिवाय भंगारवाल्याला हाक मारू नका.