किती वेळ उरला?



तू नेमकं काय करतेस, असं मघाशी बाईंनी विचारलं. बंद पडलेल्या लिनक्स यंत्राची मेमरी ‘क्रॅश’ या साधनानं तपासते. कर्नल ठोके मोजतो. सेकंदाला १००० ठोके असतील, तर मोजणी ४,२९,४६,६७,२९६ पासून सुरू होते. पाच मिनिटांत ३२ बिटं भरून चुका लवकर उघड व्हाव्यात, म्हणून मुद्दाम! टायमरची वेळही अशाच आकड्यात. रात्री दोनला वजाबाकी कोण करणार?

अर्धापूरच्या स्टँडवर आपण विचारायचो, “नांदेडच्या गाडीला किती वेळ आहे?” ‘क्रॅश’मध्येही आता उरलेल्या ठोक्यांचा वेगळा रकाना आहे. तिथं बरेच उणे आकडे दिसले, की त्या प्रोसेसरवर बहुधा कुणीतरी वाट अडवून बसलंय. मी शोध तिथूनच सुरू करते.