प्रोग्राम लिहिण्याआधी वाचायला शिका

पत्रिकेवर माझ्या भाषणाचा विषय ‘प्रोग्रामिंगची तोंडओळख’ असा छापला आहे. व्हेरिएबल म्हणजे काय, लूप कशासाठी, हे आपणा बहुतेकांना ठाऊक आहे असं धरून मी थेट मुद्द्यावर येतो. नवशिक्यानं प्रोग्राम लिहायला घेण्याआधी दुसऱ्यानं लिहिलेला प्रोग्राम कागदावर, एकेक ओळ घेत, स्वतः चालवून पाहायला शिकलं पाहिजे. आपल्याकडे याला ‘ड्राय रन’ म्हणतात. वर्गात तो फळ्यावर एकदा दाखवला की काम संपतं. माझ्या मते पहिले काही आठवडे याखेरीज दुसरं काही शिकवूच नये.

हे मत हवेतून आलेलं नाही. 2001 साली मायकेल मॅक्रॅकन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेगवेगळ्या देशांतल्या विद्यापीठांत पहिला अभ्यासक्रम केलेल्या मुलांना प्रोग्राम लिहायला दिले. निकाल निराशाजनक लागला. त्यावर अनेकांनी म्हटलं, मुलांना प्रश्न सोडवता येत नाहीत. रेमंड लिस्टर यांच्या गटाला मात्र वेगळी शंका आली. 2004 साली त्यांनी सात देशांतल्या मुलांपुढे तयार, छोटे प्रोग्राम ठेवले आणि विचारलं, हा चालला तर उत्तर काय येईल? कितीतरी मुलं तिथेच अडली. लिहिण्याची पाळी येण्याआधीच, समोरच्या ओळीनं काय घडतं हे त्यांना सांगता येत नव्हतं. आपण मात्र त्यांना तर्कबुद्धी नाही म्हणून निकालात काढतो. हा अन्याय आहे.

उदाहरण घेऊ. येल विद्यापीठात इलियट सोलोवे यांनी 1980च्या दशकात एक साधा प्रश्न दिला होता: संख्या वाचत जा, 99999 आली की थांबा, आधीच्या संख्यांची सरासरी सांगा. नवशिका लूपमध्ये काय लिहितो? संख्या वाच, बेरजेत मिळव, मोजणीत एक वाढव. आणि 99999 आली का, हे सर्वांत शेवटी तपास. आता कागदावर तीन रकाने आखा: संख्या, बेरीज, मोजणी. 10 आली, बेरीज 10, मोजणी 1. 20 आली, बेरीज 30, मोजणी 2. मग 99999 आली आणि तीही बेरजेत गेली: 100029, मोजणी 3. सरासरी 33343! हवी होती 15. चूक दुसऱ्या कोणी दाखवावी लागली नाही, तिसऱ्या ओळीत ती आपसूक दिसली. सोलोवे यांचं म्हणणं असं की दोष भाषेचाही आहे: माणूस ‘वाच, मग वापर’ या क्रमानं विचार करतो आणि पास्कल भाषेचा व्हाइल लूप त्याला उलट क्रम लावतो. मला ते पटतं. पण भाषा आड येते आहे हे कळायलासुद्धा रकानेच लागतात.

रकान्यांचा विषय निघाला की एडा लव्हलेस यांच्याबद्दल बोलल्याशिवाय राहवत नाही. चार्ल्स बॅबेज यांनी आखलेल्या ‘ॲनालिटिकल इंजिन’ या गणनयंत्रावरच्या एका लेखाचं त्यांनी भाषांतर केलं आणि 1843 साली त्याला स्वतःच्या टिपा जोडल्या. शेवटच्या टिपेत बर्नुली संख्या काढण्याची रीत आहे, आणि ती एका मोठ्या तक्त्यात मांडली आहे: कितवी क्रिया, कोणत्या व्हेरिएबलांवर, निकाल कुठे ठेवायचा, त्यानं कोणाची किंमत बदलली. यंत्र तर कधी पुरं झालंच नाही! म्हणजे तो सारा हिशेब कागदावर चालवलेला होता. छापील तक्त्यातल्या एका क्रियेत भागाकार उलटा पडला आहे, आणि आज कोणीही ओळीमागून ओळ तपासत तो शोधू शकतो. कागदावर मांडलेला विचार असा दुसऱ्याला तपासता येतो, म्हणून मला तो तक्ता फार मोलाचा वाटतो.

श्रोत्यांकडून चिठ्ठ्या आल्या आहेत. ‘कागदावर सगळ्या चुका सापडतात का?’ नाही. जावा भाषेच्या बायनरी सर्चमध्ये, म्हणजे क्रमानं लावलेली यादी दर वेळी अर्धी करत शोधण्याच्या रीतीत, मधली जागा काढताना दोन टोकांची बेरीज 2147483647च्या पुढे गेली की ती ऋण व्हायची. वर्षानुवर्षं दडून राहिलेली ही चूक 2006 साली जाहीर झाली. दहा घरांच्या यादीवर ड्राय रन करून ती दिसली नसती. पण ती का घडली हे समजायला त्या एका ओळीचा अर्थ नेमका कळावा लागतो. ‘मुलं कंटाळतील’, असंही एकानं लिहिलंय. न समजणाऱ्या एररपुढे तासभर बसण्याचा कंटाळा याहून मोठा असतो. ‘आता एआय प्रोग्राम लिहून देतं, मग हे कशाला?’ म्हणूनच तर! लिहिणं यंत्राकडे गेलं, तर 33343 आणि 15 यांतलं बरोबर कोणतं हे ठरवणं माणसाकडेच उरतं.

अध्यक्षांनी वेळ संपल्याची खूण केली आहे, तेव्हा शेवटची चिठ्ठी: ‘मुलीला पायथन शिकवू की सी?’ पहिल्या महिन्यात त्यानं फारसा फरक पडत नाही. क्लासची फी भरण्यापूर्वी तिथल्या एखाद्या मुलाची वही मागून पाहा. तिच्यात रकाने आखलेले दिसले, तर भाषा कोणतीही असो, मुलीला तिथे घाला.