लिलावाच्या टेबलावर बसण्याआधी

(माजी विद्यार्थी मेळाव्यात केलेले भाषण)



सकाळपासून शाळेच्या आठवणी निघत आहेत. माझ्या वाट्याला मात्र कामाचा विषय आला आहे. पुढच्या मेळाव्याला जोडून टेनिस बॉल क्रिकेटचे सामने घ्यायचे, सगळ्या बॅचचे खेळाडू मिसळून आठ संघ करायचे आणि त्यासाठी खेळाडूंचा लिलाव करायचा, असं समितीने ठरवलं आहे. "संघमालकांनी तयारी कशी करायची ते दहा मिनिटांत सांग," असा मला हुकूम झाला. आपल्या जिल्ह्यातल्या तीन-चार लिलावांत मी हिशेबाची वही सांभाळली आहे, एवढीच माझी पात्रता.

आधी थोडा इतिहास सांगतो. खेळाडू वाटून घ्यायची ही पद्धत जुनी आहे. अमेरिकेत तिथल्या व्यावसायिक फुटबॉलचे संघ १९३६ पासून नवे खेळाडू पाळीपाळीने निवडतात. आदल्या वर्षी सगळ्यांत मागे राहिलेल्या संघाची पाळी पहिली. पुढे १९६२-६३ च्या सुमारास ओकलंडच्या काही हौशी मंडळींनी त्याचा घरगुती खेळ केला. खरे खेळाडू कागदावर आपापसांत वाटून घ्यायचे आणि त्यांच्या कामगिरीवर गुण मोजायचे. आपल्या पोरांनी मोबाईलवर जे संघ लावले त्याचं मूळ तिथे आहे. पैसे लावून खेळायच्या अशा ऑनलाइन खेळांवर ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने कायद्याने बंदी आणली. म्हणून पहिली विनंती अशी की आपल्या लिलावात रुपये नकोत, गुण असू द्या. प्रत्येक संघाला १००० गुण, बारा खेळाडू, आणि किमान बोली २० गुणांची.

आता तयारीकडे येऊ. आपले वडील-आजोबा बैलबाजारात जात, तेव्हा आकडा घरूनच ठरवून निघत. जोडी कितीही मनात भरली तरी त्या आकड्याच्या वर हात जात नसे. लिलावातही तेच करायचं. माणूस हुशार असला तरी समोरचा बोली वाढवतोय म्हटल्यावर त्याचं डोकं तापतं. ते तापण्याआधी जे ठरवायचं ते कागदावर ठरवून ठेवा.

कागद एकच असावा आणि त्यावर चार रकाने करावेत. फलंदाज, गोलंदाज, दोन्ही करणारे आणि यष्टिरक्षक. प्रत्येक रकान्यात खेळाडूंना एक-दोन-तीन असे नंबर देत बसू नका, गट पाडा. पहिल्या गटात चार जण असतील तर त्यांतला कोणीही चालेल, असं मनाशी पक्कं असू द्या. तिघे गेले आणि एकच उरला, की थोडं जास्त द्यायची वेळ आली हे लगेच दिसतं. नुसती क्रमवारी असली की पहिला हातून जाताच माणूस घाबरतो आणि दुसऱ्यासाठी वाट्टेल ते देऊन बसतो.

मग गुणांचा हिशेब. हा फळ्यावर लिहून दाखवावा असा आहे, सरांनी परवानगी द्यावी! हातात १००० गुण आणि घ्यायचे बारा खेळाडू. पहिला घेताना उरलेल्या अकरांसाठी किमान २२० राखलेच पाहिजेत. म्हणजे पहिल्यावर जास्तीत जास्त ७८० लावता येतात. समजा पाच घेतले आणि ४०० उरले. अजून सात घ्यायचे, पुढच्या सहांसाठी १२० राखायचे, म्हणजे आता कमाल बोली २८०. प्रत्येक खरेदीनंतर हा आकडा नव्याने काढून गोल करून ठेवा. आपलाच नव्हे, बाकी सात संघांचाही काढा. समोरच्याच्या हाती किती शिल्लक आहे हे ज्याला ठाऊक, तो उगाच बोली चढवत नाही.

टेबलावर दोघं बसा. एकाने फक्त बोली लावायची, दुसऱ्याने फक्त लिहायचं. नाव विकलं गेलं की त्याच क्षणी ओळ मारायची आणि पुढे संघ व आकडा लिहायचा. फोनवर यादी ठेवली असेल तरी कागदाची प्रत जवळ हवी. आपल्याकडची लाईट आणि नेटवर्क, दोघांचा स्वभाव तुम्ही जाणता.

लिहिण्याचं महत्त्व मोठ्यांनाही कळलेलं आहे. १९ डिसेंबर २०२३ रोजी दुबईत आयपीएलचा लिलाव होता. पंजाबने शशांक सिंगला २० लाखांना घेतलं आणि लगेच त्यांच्या टेबलावर गोंधळ उडाला. हातोडा पडला होता, बोली मागे घेता आली नाही. यादीत एकाच नावाचे दोन खेळाडू होते, आम्हाला हवा तोच मिळाला, असा खुलासा पुढे संघाने केला. त्याच शशांकने एप्रिल २०२४ मध्ये अहमदाबादला २९ चेंडूंत नाबाद ६१ करून पंजाबला सामना जिंकून दिला. आपल्या यादीत तर एकाच आडनावाचे सहा-सात जण असणार. म्हणून नावापुढे बॅचचं वर्ष आणि नोंदणीचा क्रमांक असायलाच हवा.

आता एक गोष्ट जड मनाने सांगतो, कारण माझ्या मते खरा प्रश्न हाच आहे.

एका गावच्या लिलावात मी वही घेऊन बसलो होतो. चाळिशीतल्या एका माणसाचं नाव पुकारलं. वीस गुणांनाही कोणी हात वर केला नाही. पुन्हा पुकारलं. मागून कोणीतरी हसलं. त्याचा शाळकरी मुलगा शेजारीच बसला होता. दुसऱ्या दिवशी तो माणूस मैदानावर आला नाही, आणि पुढच्या वर्षी नाव द्यायलाही आला नाही.

आयपीएलमध्ये ज्याचं नाव राहतं तो व्यावसायिक खेळाडू असतो. नोव्हेंबर २०२४ मध्ये जेद्दाहला १८२ खेळाडू विकले गेले आणि आपला पालघरचा शार्दुल ठाकूर राहिला. पुढे लखनौने त्याला बदली म्हणून घेतलं आणि मार्च २०२५ मध्ये हैदराबादविरुद्ध त्याने चार बळी घेतले. अमरावतीच्या जितेश शर्माला २०२२ मध्ये २० लाख मिळाले होते, त्याच जेद्दाहच्या लिलावात बंगळुरूने ११ कोटी मोजले. त्यांना उत्तर द्यायला मैदान आहे. आपला वर्गमित्र मात्र तुमसरहून, लाखांदूरहून, पुण्याहून रजा टाकून येतो तो भेटायला. त्याची किंमत भर मांडवात वीस गुणांपेक्षा खाली ठरवायचा अधिकार आपल्याला कोणी दिला?

लहानपणी आपण गडी वाटून घ्यायचो ते आठवा. सारख्या ताकदीचे दोघं खांद्यावर हात टाकून लांब जायचे, गुपचूप नावं ठरवायचे आणि कप्तानांपुढे येऊन विचारायचे, "कोणाला सूर्य पाहिजे, कोणाला चंद्र?" कप्तानाला माहीत नसायचं की सूर्य कोण. संघ समसमान व्हायचे आणि शेवटी एकटा उभा राहायची पाळी कोणावर यायची नाही. दहा-बारा वर्षांच्या पोरांना जे सुचलं, ते आपल्याला सुचू नये?

म्हणून समितीपुढे माझी सूचना अशी. प्रत्येक संघाने आठ खेळाडू लिलावात घ्यावेत, म्हणजे वरचा हिशेब बाराऐवजी आठांचा होईल. उरलेल्या चार जागांसाठी चार मडकी ठेवावीत. प्रत्येक मडक्यात साधारण सारख्या खेळाच्या आठ जणांच्या चिठ्ठ्या, आणि प्रत्येक संघाने प्रत्येक मडक्यातून एक चिठ्ठी उचलावी. ज्याला लिलावात उभं राहायचं नाही त्याने नोंदणीच्या वेळीच "चिठ्ठी" असं लिहावं. ज्याला बोली लागणार नाही त्याचं नाव दुसऱ्यांदा पुकारू नये, गुपचूप मडक्यात टाकावं. नावं जास्त आली तर संघ तेरा-चौदांचे करू, पण नाव दिलेला कोणी बाहेर राहू नये. आणि कोण किती गुणांना गेला हे बॅचच्या ग्रुपवर फिरवू नये. आकडे वहीत राहू द्यावेत.

मैत्रिणींनो, संघमालकाच्या खुर्च्या तुमच्यासाठीही आहेत. दहावीला गणितात आम्हाला मागे टाकणाऱ्या तुम्हीच होता. तो कमाल बोलीचा आकडा तुम्ही आमच्याआधी काढाल याची मला खात्री आहे.

नोंदणीचे फॉर्म बाहेर चहाच्या टेबलाजवळ ठेवले आहेत. जे "आता वय झालं" म्हणून मागे बसले आहेत त्यांनी आधी भरावेत. पेनं मी आणली आहेत.