आमची वही आणि त्यांची यादी

दिवेलागण झाली असेल, तवा चुलीवर असेल, तर भाकरी थापत राहा आणि कान तेवढा इकडं असू द्या.

आज मी माझी हार सांगायला बसले आहे. पुढच्या बैठकीला अख्ख्या गटाला चहा आणि कांदाभजी मी घालायची, असं ठरलं आहे. कारण आमच्या वहीत सगळ्यात जास्त अंदाज माझे चुकले.

वही म्हणजे बचत गटाची हजेरीचीच. तिच्या मागच्या पानांवर आम्ही ऑक्टोबरात ऑस्करचे अंदाज लिहून ठेवले होते. तुम्ही म्हणाल, ऑस्करचं आणि आपलं काय? तर झालं असं की ‘लापता लेडीज’ आम्ही सगळ्यांनी मिळून पाहिला होता, एका सुनेच्या मोबाइलवर, दोन बैठकांत. घुंगटामुळं रेल्वेत दोन नवऱ्या बदलतात, त्यातल्या एकीला शेतीचं शिकायचं असतं. आणि स्टेशनवरची ती चहा-नाष्टावाली मंजूमाई! ती छाया कदम, आपल्या ‘फँड्री’तली जब्याची आई. सप्टेंबरात बातमी आली की भारताकडून ऑस्करला हाच सिनेमा चालला आहे. आम्हाला वाटलं, आपल्याच गटाची बाई निघाली.

मी वहीत ठळक लिहिलं: ‘लापता लेडीज पाचांत येणारच.’ खाली सहीसुद्धा केली.

आता पाचांत म्हणजे काय ते सांगते. एक देश एकच सिनेमा पाठवू शकतो. २०२४ साली पंच्याऐंशी देशांचे सिनेमे धरले होते. त्यातून आधी १५ निवडतात, मग ५, आणि त्या पाचांतून एक. १७ डिसेंबरला पंधरांची यादी आली आणि त्यातच आपला सिनेमा नव्हता. माझी सही तिथंच वाया गेली. आमच्यातल्या एक काकू म्हणाल्या, “तुला आवडलं म्हणजे त्यांना आवडलं असं थोडंच असतंय?” मला राग आला होता. पण खरं होतं ते. मी अंदाज बांधलाच नव्हता, इच्छा लिहिली होती.

आजवर भारताचे तीनच सिनेमे त्या पाचांत पोचलेत: १९५७ सालचा ‘मदर इंडिया’, १९८८ चा ‘सलाम बॉम्बे’ आणि २००१ चा ‘लगान’. आपला मराठी ‘श्वास’ २००४ साली गेला होता, त्याच्यासाठी लोकांनी वर्गणी काढली, तरी तो पाचांत आला नाही. हे मला आधी ठाऊक असतं तर मी इतकं ठळक लिहिलं नसतं. बहुतेक.

दुसरा अंदाज पायल कपाडियांच्या सिनेमाचा. ‘ऑल वुई इमॅजिन ॲज लाइट’ असं नाव आहे, मुंबईतल्या दोन नर्स आणि दवाखान्यातली एक स्वयंपाकीण यांची गोष्ट. २०२४ च्या मे महिन्यात फ्रान्सातल्या कानच्या महोत्सवात त्याला दुसऱ्या क्रमांकाचा मोठा मान मिळाला. तिथं छायाताई आईची साडी नेसून, आईची नथ घालून गेल्या होत्या. तो फोटो आमच्या ग्रुपवर किती दिवस फिरत होता! पण भारताकडून हा सिनेमा पाठवलाच नाही. निवड करणाऱ्या मंडळात १३ जण होते आणि तेराही पुरुष. त्यांनी २९ सिनेमांतून ‘लापता लेडीज’ निवडला. त्यांच्यापैकी काहींना पायलताईंचा सिनेमा भारतातला कमी आणि युरोपातला जास्त वाटला, असं छापून आलं होतं. ‘लापता लेडीज’ निवडला याचं मला वाईट वाटलं नाही, तो माझाही लाडका. पण दोन बायांच्या दोन सिनेमांतला एकच दारातून जाणार, आणि दाराशी एकही बाई नाही, हे काही पटलं नाही.

तरी मी लिहिलं होतं की देशानं नाही पाठवला तरी दिग्दर्शनात पायलताईंचं नाव येईल. अमेरिकेत थिएटरला लागलेल्या सिनेमाला ती वाट मोकळी असते.

तर मुख्य यादी १७ जानेवारीला यायची होती. लॉस एंजेलिसला भयंकर वणवे लागले, म्हणून ती दोनदा पुढं गेली आणि गुरुवारी, २३ जानेवारी २०२५ ला आली. तिकडं पहाटेचे साडेपाच, आपल्याकडं संध्याकाळचे सात. आमचं त्याच दिवशी हळदीकुंकू होतं. वाण लुटायचं बाजूला आणि बाया मोबाइलभोवती. इंग्रजीत भराभर नावं चाललेली, त्यात एकही ओळखीचं येईना. पायलताईंचं नाव कुठंच आलं नाही. दिग्दर्शनाच्या पाचांत एकच बाई, फ्रान्सच्या कोराली फार्जा. ९७ वर्षांत या यादीत आलेली ती फक्त नववी बाई! मी मात्र लिहिलं होतं, दोन तरी येतील.

‘संतोष’ नावाचा हिंदी सिनेमा, नवऱ्याच्या जागी पोलिसात लागलेल्या विधवेचा, तो इंग्लंडनं पाठवला होता. पंधरांत होता, पाचांत गळला. तोही मी ‘येणार’ म्हणून लिहिला होता. चला, भजी आणखी एक घाणा.

आणि जे आलं ते आमच्या कुणाच्याच वहीत नव्हतं. ‘अनुजा’. छोट्या सिनेमांच्या गटात. दिल्लीत कपड्याच्या कारखान्यात राबणाऱ्या दोघी बहिणी, धाकटी ९ वर्षांची, आणि तिच्यापुढं शाळा की काम असा पेच. ज्या मुलीनं ते काम केलं आहे, सजदा पठाण, ती स्वतः सलाम बालक ट्रस्टच्या आश्रयाला राहिलेली. आता गंमत बघा, हा ट्रस्ट निघाला तो ‘सलाम बॉम्बे’ सिनेमाच्या कमाईतून. म्हणजे १९८८ सालचा एक सिनेमा त्या यादीत गेला, आणि त्याच्या पैशातून उभ्या राहिलेल्या घरातली पोर आज पुन्हा त्या यादीतल्या सिनेमात. हे ऐकल्यावर मी हरल्याचं विसरलेच होते.

पण मला खरं सांगायचंय ते त्यानंतरचं. सगळ्या हिरमुसल्या, तेव्हा आम्ही पायलताईंचा सिनेमा पाहायला बसलो. पहिला अर्धा तास दोघी-तिघी पेंगल्या. संथ आहे, खोटं कशाला बोलू? मग छायाताईंची पार्वती आली. नवरा गेलेला, बिल्डरला तिथं टॉवर बांधायचाय, आणि राहत्या घराचा एकही कागद तिच्याकडं नाही. इतकी वर्षं राहिली, पण राहिली हे दाखवायचं कशानं? शेवटी ती रत्नागिरीकडं, गावी निघते. त्याआधी मैत्रिणीबरोबर रात्री त्या बिल्डरच्या जाहिरातीच्या फलकाला दगड मारते. पेंगलेल्या बाया त्या दगडाला उठून बसल्या.

आमच्यातल्या एक अक्का काहीच बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी पिशवी घेऊन माझ्या दारात. पिशवीत घरपट्टीच्या पावत्या, बारा वर्षांच्या, सगळ्या मालकांच्या नावाच्या. मालक जाऊन सहा वर्षं झाली. घरपट्टी अक्का भरतात, छप्पर त्यांनी बदललं, पण ग्रामपंचायतीच्या नमुना आठवर त्यांचं नाव नाही. त्या मला म्हणाल्या, “ते पायलचं नाव का आलं नाही म्हणून तू रात्री किती तणतणलीस. माझं कुठं आहे का बघ की जरा.”

मी बघितलं. मग मला माझंही बघावं लागलं. मी गटाची सचिव, दर महिन्याला सगळ्यांचे हिशेब मी लिहिते, आणि माझ्या राहत्या घराच्या उताऱ्यावर सासऱ्यांचं नाव आहे, दिराचं आहे, ह्यांचं आहे. ह्यांना विचारलं तर म्हणाले, “कधी तू बोललीच नाहीस.” भांडण झालं नाही. पण जेवणही गप्पच झालं.

हळदीकुंकवाच्या त्या यादीवरून आता वहीत नवं पान सुरू झालं आहे. घर कुणाच्या नावावर, पुढं नाव, पुढं रकाना. परवापर्यंत एकवीस जणींपैकी चौदा जणींनी उतारा काढून आणला. चौदांत तिघींचं नाव निघालं. या पानावर अंदाज कुणी लिहायचा नाही, कागद बघूनच लिहायचं.

सोमवारी अक्का आणि मी ग्रामपंचायतीत जाणार आहोत, मृत्यूचा दाखला आणि अर्ज घेऊन. अक्कांचा थोरला मुलगा पुण्याला असतो, त्याची संमती लागेल. फोनवर तो “बघू” म्हणाला आहे. त्या “बघू”चा अंदाज मला अजून बांधता येत नाही.

ऑस्करचा निकाल आपल्याकडं ३ मार्च २०२५ ला पहाटे लागला. ‘अनुजा’वर अक्कांनी पैज लावली होती, मी त्या वेळी गप्प होते. भजी मात्र शुक्रवारी आहेत, दुपारी तीनला, समाजमंदिरात. येताना ज्यांनी उतारा काढला नाही त्यांनी तो घेऊन या.